तांबड्या अस्तराची गोधडी

सावेडीत श्रावण आला हे मला गच्चीवरच्या तारेकडे बघून कळतं. सर येते, बायका वरच्या-खालच्या मजल्यांवरून धावत जाऊन कपडे काढतात. ऊन पडतं, त्याच बायका तेच कपडे पुन्हा वाळत घालायला निघतात. आमची नातसून यात पटाईत आहे. काल सकाळी ती म्हणाली, "आजी, मस्त ऊन आलंय. तुमची गोधडी टाकते वर, कुबट वास येतोय तिला." मी म्हटलं, "राहू दे." "अहो, परवापासून राहू दे, राहू दे चाललंय तुमचं." मी जरा जोरातच म्हटलं, "एकदा सांगितलं ना, राहू दे म्हणून!" ती बाकीचे कपडे घेऊन वर गेली. बिचारीची काही चूक नव्हती. नव्वदीला टेकलेल्या बाईचं चिडणं लोक वयावर ढकलतात, तेवढी एक सोय असते.

पण वयाचा काही संबंध नाही. श्रावणातल्या एका उघडिपीत माझ्या हातून एक माणूस गेला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. कागदावर ते इतकं लहान दिसेल असं वाटलं नव्हतं.

लढाईचे दिवस होते. अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेला, धरणाचं पाणी जिथं डोंगरांच्या पोटात शिरतं, तिथं सरकारनं दोन खोल्यांचं एक घर बांधलेलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, तिथं पाऊस मोजायच्या नोकरीवर होते. घराच्या वर टेकाडावर तांब्याचं एक भांडं पुरलेलं होतं. रोज सकाळी आठ वाजता आप्पा इरलं डोक्यावर घेऊन तिथं जायचे, भांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतून बघायचे आणि घरी येऊन वहीत लिहायचे. वहीत शेवटी 'शेरा' असं एक घर होतं. त्यात ते कधी 'वारा' लिहीत, कधी 'धुके'. आषाढापासून पुढं तर रोज तेच दोन शब्द आलटून पालटून.

पाऊस मोजायला माणूस ठेवावा लागतो याचं मला नवल वाटायचं. तिथं पाऊस हा मोजायचा नव्हे, सोसायचा प्रकार होता. ज्येष्ठ सरला की आमच्या पुढ्यातला धरणाचा फाटा भरायचा आणि आम्ही तुटायचो. मागं कडा, दोन्ही बाजूंना ओढे, पुढं पाणी. टपाल नाही, बाजार नाही, वैद्य नाही. पाण्यापलीकडं, चार-पाच शेतं मावतील एवढ्या अंतरावर एक कोळीवाडी होती. धुकं नसलं तर तिची छपरं दिसायची. आम्हाला दिसणारी माणसं तेवढीच, तीही मुंगीएवढी.

आईचं माहेर मिरजगाव. तिकडं पाऊस आला तर लोक कामं टाकून अंगणात बघत उभे राहतात. अशा गावची मुलगी या पाण्यात येऊन पडली होती. तिला ऊन लागायचं, जसं कुणाला तंबाखू लागते तसं. ज्येष्ठातच ती आगोटीच्या तयारीला, पावसाळ्याची बेगमी करायला लागायची. नाचणी, वरई, कुळीथ, गूळ, मिरच्या. मिठाचं मडकं चुलीच्या अगदी जवळ, नाहीतर त्याचं पाणी व्हायचं. काड्यापेट्या बाटलीत घालून वर बूच. त्या वर्षी लढाईमुळं काड्यापेट्याही मिळेनात, म्हणून चूल विझू द्यायची नाही असा नेम होता. विस्तव राखेत झाकून ठेवायचा आणि फुंकून जागा करायचा. बाळाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची दुपटी वाळवायला निखाऱ्यांवर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर ती पसरायची. आमच्या सगळ्या कपड्यांना धुराचा वास यायचा. पुढं नगरला शाळेत गेले तेव्हा बाकावरची मुलगी नाक मुरडून सरकून बसली, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की सगळ्यांच्या अंगाला तसा वास येत नाही.

दिवसचे दिवस उजाडायचं नाही. दुपारी बारालाही दिवेलागणीसारखा उजेड. चपलांवर बुरशी, पुस्तकांवर बुरशी, लाकडी पाटावर बारीक पांढऱ्या छत्र्या. मोरीतून खेकडे घरात यायचे आणि आपलंच घर असल्यासारखे भिंतीकडेनं हिंडायचे. मला शाळा नव्हती, म्हणून आप्पा भूगोलाचं पुस्तक घेऊन शिकवायला बसत. एकदा त्यात उत्तर ध्रुवाकडच्या गावांचा धडा निघाला. तिथं हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही, वाटा बंद होतात, माणसं अन्न साठवून ठेवतात आणि एका विस्तवाभोवती सगळं घर बसून असतं. मी म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखंच." आप्पा खूश झाले. "अगदी बरोबर. आपणही ध्रुवावरच राहतो." आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "ते सगळं असू दे. त्यांच्या बायका धुणं कुठं वाळवतात, ते लिहिलंय का त्यात?" ते लिहिलेलं नव्हतं. आप्पांनी पान उलटून पाहिलंसुद्धा.

बुधामामा पलीकडच्या वाडीतले. आईचे सख्खे भाऊ मिरजगावला, चार दिवसांच्या वाटेवर. म्हणून तिनं यांना भाऊ मानलं होतं आणि आम्ही मामा म्हणायचो. बुटके, काळेभोर, हसले की डोळे मिटून जायचे. पाऊस लागायच्या आधी ते शेवटचा फेरा करायचे. आमची लाकडं फोडून रचून द्यायचे, छपरावर पेंढा चढवायचे. आणि जाताना दरवर्षी तेच बजावायचे. अंगणाच्या पुढच्या टोकाला पाण्याच्या कडेला एक उंच बांबू रोवलेला होता. त्याच्याकडं बोट करून म्हणायचे, "ताई, काय बी अडलं, कुनी आजारी पडलं, तर ह्या काठीला तांबडं लावा. धुक्यात पांढरं दिसत न्हाई. तांबडं दिसलं की म्या आलोच समजा."

"आणि पाणी असलं तर?" आई विचारायची.

"पानी तर असनारच की! सांगड हाय ना."

सांगड म्हणजे वाळलेल्या दुध्या भोपळ्यांची जोडी. दोरानं चांगली पक्की बांधलेली. तिच्यावर छाती टेकायची आणि हातपाय मारत पार व्हायचं. बाळ जन्माला आलं त्या पावसात तांबडं लावलं होतं, आणि बुधामामा त्या सांगडीवरून आपल्या बायकोला घेऊन आले होते. चांगुणामामीनं आईची सुटका केली. म्हणून आमच्या घरी त्या दोघांचा शब्द देवाच्या बरोबरीचा होता. तांबडं कापड, हातभर मांजरपाट रंगवून केलेलं, ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलेलं असायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. मी कधी लावला नाही.

त्या श्रावणात एकवीस दिवस सूर्य दिसला नव्हता. बाविसाव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगणात माझी सावली पडली. मी ओरडलेच. आई चुलीपुढून उठून तशीच बाहेर आली, हाताला पीठ, आणि तोंड वर करून उभी राहिली. तिचे डोळे मिटलेले होते. आईला इतकी तरुण मी त्यापूर्वी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मग ती एकदम भानावर आली. "यमू, पळ! सगळं बाहेर काढ. गाद्या, गोधड्या, लुगडी, सगळं. कधी जाईल नेम नाही." आप्पा टेकाडावर गेलेले होते. आई बाळाला तेल लावायला आत घेऊन बसली, आणि आतूनच म्हणाली, "घरामागच्या दगडांवर टाक हं. पुढं नको."

पुढं का नको, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, मला ठाऊक होतं. पण मागचे दगड शेवाळलेले, त्यांच्यावर जळवा. मी लुगडी टाकली, चादरी टाकल्या. शेवटी बाळाची गोधडी उरली. आईच्या जुन्या लुगड्यांची, ठिगळाठिगळांची, आणि आतून तांबड्या अस्तराची. बाळानं ती रात्री भिजवलेली होती. अस्तर ओलं होतं, म्हणून ती बाजू उन्हाकडं यायला हवी. आणि ऊन सगळ्यात चांगलं कुठं होतं? पुढच्या काठीवर. मी स्टुलावर चढले, गोधडीची दोन टोकं बांबूला बांधली आणि अस्तर वर केलं. माझ्या डोक्यात तांबडं कापड म्हणजे ट्रंकेतलं. ही तर गोधडी होती. आजही मी तो क्षण पुन्हा पुन्हा बघते आणि त्यात कुठं तरी शंका होती का ते शोधते. नव्हती. काम नीट केल्याचा आनंद होता.

तासाभरानं पाण्यावरून हाळी आली. आम्ही दोघी बाहेर धावलो. काठापासून वीसएक हातांवर सांगडीवर बुधामामा होते. डोक्याचं मुंडासं चिंब, तोंडावर गढूळ पाणी ओघळतंय.

"ताई! पोर बरं हाय का?"

"बरं आहे की! का हो दादा?"

"मंग तांबडं का लावलं?"

आईनं काठीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. तिच्यात राग नव्हता, भीती होती. "अहो, गोधडी आहे ती!" ती ओरडली. "वाळत घातलीय!"

बुधामामा क्षणभर तसेच पाण्यात तरंगत राहिले आणि मग हसत सुटले. डोळे मिटून, नेहमीसारखे. "गोधडी व्हय! मला वाटलं पोर गेलं का काय! खाऊ द्या ऊन तिला!"

"दादा, वर या. चहा टाकते. जरा बसा."

"न्हाई ताई, पानी चढतंय. भाताची आवनी बी ऱ्हायलीय. पोर बरं हाय ना, झालं तर मंग."

आणि ते वळले. वीस हात होते. वर आले असते तर गुळाचा चहा पिऊन, बाळाला मांडीवर घेऊन, आठ दिवस आमच्याकडंच राहिले असते. पोर आजारी असतं तर ते वर आले असते. हे मला त्या वयात कळलं आणि त्यानंतर फार दिवस मी बाळाकडं नीट बघू शकत नव्हते.

आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण घाटमाथ्यावर नव्हतं. मधोमध गेले असतील तेव्हा वरच्या ओढ्याचं पाणी आलं. आवाज आधी आला, मग रंग बदलला. मी मुंडासं बघत होते. ते कोळीवाडीच्या दिशेनं जायचं सोडून आडवं, खाली, वळणाकडं जायला लागलं. आई आप्पांच्या नावानं ओरडली. लग्न झाल्यापासून तिनं त्यांना नावानं हाक मारली ती तेवढीच. आप्पा टेकाडावरून धावत आले आणि काठाकाठानं वळणापर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक दुध्या होता, दोर तुटलेला. तोपर्यंत धुकं पुन्हा खाली उतरलं होतं. गोधडी वाळली नव्हतीच.

आप्पांनी त्या दिवशी वहीत पाऊस लिहिला. शेऱ्याच्या घरात 'उघडीप' लिहिलं.

त्यानंतरचे दहा दिवस हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. कारण पलीकडं कुणाला काही माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबी बुधामामा आमच्याकडं पोचले होते, आमचं पोर आजारी होतं, आणि पाणी चढलं म्हणून ते इकडंच अडकले होते. आप्पा रोज काठावर जाऊन घसा फाटेस्तोवर ओरडत, पण पाण्याच्या घोंगावण्यात त्यांचा आवाज मलाच दहा पावलांवर ऐकू यायचा नाही. तांबडं लावावं तर आणखी कुणी तरी पाण्यात उडी टाकील. 'या' म्हणायला खूण होती. 'तो गेला' म्हणायला आमच्यापाशी काहीच नव्हतं.

धुकं विरळ झालं की संध्याकाळी पलीकडच्या छपरातून धूर निघताना दिसायचा. आई दारात उभी राहून तो बघायची. एकदा तिनं मला जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, "चांगुणावहिनी भाकऱ्या करतेय. तिच्या घरी अजून दादा आहेत गं." मग पदर तोंडात कोंबून रडली. मी रडले नाही. मला रडायचा हक्क आहे की नाही हेच मला कळत नव्हतं.

त्या दहा दिवसांत आई मला एकदाही रागावली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एका सकाळी वेणी घालताना ती माझ्या मानेशी वाकून हळूच म्हणाली, "हे बघ, गोधडी मी घातली होती. कळलं? कुणी विचारलं तर तू आत होतीस, बाळापाशी." मी म्हटलं, "पण आई..." तिनं केस इतके घट्ट ओढले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मी घातली होती," ती पुन्हा म्हणाली. आप्पांनाही तिनं तेच सांगितलं. आप्पा तिच्याशी पुढं कितीतरी दिवस बोलले नाहीत. ती ते मुकाट्यानं सोसत राहिली, आणि मी बघत राहिले.

अकराव्या दिवशी पाणी निवळलं. दुपारी चांगुणामामी आणि त्यांचा दीर लाकडांचा तराफा घेऊन आले. मामी अंगणात चढल्या तेव्हा त्यांच्या एका हातात बाळासाठी कसला तरी पाला होता आणि दुसऱ्या हातावर बुधामामांची घोंगडी, कोरडी, नीट घडी घातलेली. भिजून आले असतील, दहा दिवस अंगावर काय घेतलं असेल, म्हणून आणली होती. त्या घोंगडीकडं बघून आप्पा आत निघून गेले. सांगायचं काम आईवर पडलं. तिनं मामींचे पाय धरले आणि सांगितलं. सगळं. फक्त गोधडी कुणी घातली, ते सोडून. "मी घातली वहिनी. मलाच मेलीला उन्हाचा सोस."

 मामी घोंगडी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. दीर कपाळ बडवून घेत होता. मग त्या म्हणाल्या, "पाय धुते जरा," आणि मला खुणेनं बोलावलं. मी तांब्या घेऊन त्यांच्यामागं घरामागच्या दगडांपाशी गेले. त्यांनी पाय धुतले नाहीत. माझा दंड धरून मला समोर उभं केलं.

"तुला बगितलं हुतं म्या," त्या म्हणाल्या. "स्टुलावर चढून काठीला बांदत हुतीस."

तांब्या छातीशी धरून मी रडायला लागले.

"रडू नगं. ऐक. म्या म्हनलं, ताई स्वोता का न्हाई आली? पोरगी बांदतीया, म्हंजी पोर लई आजारी, ताईला उठता बी येत नसंल. ह्ये म्हनत हुते, वर घाटावर काळं हाय, जरा दम काढू. म्याच न्हाई ऐकलं. म्या म्हनलं, बहीन म्हनताव आन् दम काढताव?" त्यांनी माझा दंड सोडला. "म्याच ढकललं गं त्यास्नी."

मग त्यांनी माझं तोंड आपल्या ओल्या पदरानं पुसलं. "ह्ये कुनाला बोलू नगंस. तुज्या आईला बी न्हाई. ती म्हनती तिनं घातली, तर तिनंच घातली. तिला तेवडं करू दे."

निघताना आईनं ती गोधडी आणून मामींपुढं टाकली. "जाळून टाकते ही," म्हणाली. मामींनी ती उचलून पुन्हा आईच्या हातात दिली. "गोधडीनं काय केलंय? थंडी यील. पोराला काय पांघरशील?" बुधामामा कधीच सापडले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आप्पांची नगरला बदली झाली. मामी धरणापर्यंत पोचवायला आल्या, बाळाच्या हातात भाजलेल्या कणसाचे दाणे दिले आणि वळून गेल्या. त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. माझा भाऊ ती गोधडी पांघरून मोठा झाला.

मी पुष्कळदा ठरवलं, आईला सांगायचं. मामीला ठाऊक होतं, तू माझ्यासाठी खोटं बोललीस ते तिनं तोंडावर कळू दिलं नाही, आणि तिचंही स्वतःचं एक ओझं होतं, हे सांगायचं. पण सांगितलं असतं तर आईपाशी काय उरलं असतं? मला वाचवलं, एवढाच तिचा आधार होता. आणि मामीला दिलेला शब्द होता. आप्पा गेले तेही बायकोच्या हातून चूक झाली असंच समजत गेले. त्यांनी तिला माफ केलं होतं. त्या माफीचं आईला केवढं अप्रूप होतं, ते बघून माझं काळीज चिरायचं.

आईची शेवटची वर्षं माझ्याकडंच गेली. माणसं ओळखेनाशी झाली होती, जेवल्याचं आठवायचं नाही. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं. डोळे एकदम स्वच्छ होते. मला ती वैद्यीणबाई समजत होती की शेजारीण, कोण जाणे. "बाई, एक सांगते," ती म्हणाली, "माझ्या यमूला कुणी काही बोलू नका हं. गोधडी मी घातली होती."

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो. तुम्हीच घातली होती. मी बघितलं."